बोल्टाखालचा मोरपंखी रंग

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. सगळा जन्म एका अंगणात गेला, पत्र कशाला लागणार होतं? त्यात सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर. पण आज सकाळी वहिनींना एक गोष्ट सांगायला गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला काय सांगता भावजी? ज्याला सांगायचं त्याला सांगा.”

ज्याला सांगायचं तो वर्षापूर्वी गेला. मग नातवाच्या वहीतली मधली पानं काढून घेतली आणि बसलो. उशीर झालाय हे मला कळतं. रागावू नकोस म्हणायचा हक्क मला नाही. पण मधेच उठून जाऊ नकोस, एवढंच.

गाडी अजून आहे. गोठ्यामागच्या शेडमध्ये, तू शेवटी पाहिलीस तशीच. माझा मुलगा वाकडवरून आला की म्हणतो, भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्याला जागेची काय एवढी काळजी? मी हो हो म्हणतो आणि विषय बदलतो. तेवढं एक मला चांगलं जमतं.

मागच्या दसऱ्याला तुझं वर्ष पुरं व्हायचं होतं, म्हणून सण केला नाही. गाडीला हारसुद्धा घातला नाही. यंदा तुझं वर्षश्राद्ध झालं आणि नंदाने विषय काढला. म्हणाली, “नाना, आबांची गाडी ह्या दसऱ्याला दोन्ही चालींत चालली पायजे.” मी म्हटलं, पोरी, ती एका चालीत चालते तेच खूप आहे. पण तुझी लेक तुझ्यावर गेलीय. बारक्या वर्कशॉपमध्ये बसून दिवसभर मोटरींचं वाइंडिंग करते, थेरगावचं घर आणि दोन मुलं सांभाळते, आणि वर हे!

दोन चाली म्हटलं की मला तूच आठवतोस. अख्ख्या तालुक्यात तशी गाडी आपलीच. लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावातून आप्पांनी आणलेला ट्रक. गिअरच्या दांड्यावर ते लाल बटण. वर ओढलं की हलकी चाल, खाली दाबलं की जड चाल. बटणापासून वायर मागच्या ॲक्सलपर्यंत, तिथे छोटी मोटर. मोटर आतला काटा सरकवते, आधीचे दात सुटतात, दुसरे बसतात आणि मागून आवाज येतो, टक. तो आवाज आला की तू माझ्याकडे बघून भुवया उडवायचास, जणू तूच तो तोंडाने काढला होतास.

आणि तुझा नियम. उतार दिसायच्या आधी बटण. उतारावर बटणाला हात लावायचा नाही, कारण आधीचे दात सुटले आणि दुसरे बसले नाहीत तर गाडी मोकळी सुटते, इंजिन तिला धरत नाही. हे मला तू किती वेळा सांगितलंस? मला पाठ होतं. म्हणूनच तर मला तो शब्द इतका पटकन सुचला.

येतो, तिथे येतोच. आधी नंदाचं सांगतो.

मागच्या गुरुवारी तिची सुट्टी. सकाळीच आली, बरोबर बॅटरी, वायरचं वेटोळं आणि होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब. मला वाटलं होतं, आतले दात गेले असतील, काटा मोडला असेल, सगळं हाउसिंग उघडावं लागेल. रात्रभर हेच मनात घोळत होतं. हाउसिंग उघडायचं तर जॅक घसरेल, पोरीच्या अंगावर येईल, वहिनींना काय तोंड दाखवू? चाकांना चारी बाजूंनी दगड लावले. परत जाऊन दोनदा बघून आलो. नंदा म्हणाली, “नाना, गाडी पळून चाललीय का कुटं? बसा जरा.”

ती दातांकडे गेलीच नाही. म्हणाली, आधी करंट बघू.

अपघातानंतर मिस्त्रीने ॲक्सल जड चालीत कायमचा बांधून टाकला होता, तुला आठवत असेल. म्हणाला होता, आता बटणाची भानगडच नको, बैलाच्या चालीने का होईना रानात चालेल. मोटर तिथेच राहिली, वायरी तिथेच. इतक्या वर्षांत कुणी हात लावला नाही. नंदाने आधी ते बांधलेलं सोडवलं. मग मोटर काढून थेट बॅटरीला जोडली. भुर्र फिरली. मी म्हटलं, जळालेली नाही? ती म्हणाली, “आबांसारखीच हाय. गप पडून व्हती, पन बिघडली नव्हती.”

परत जागेवर बसवली आणि बटण दाबलं, तर घुं करून जागच्या जागी थांबली. काढली की फिरते, बसवली की थकते. नंदा गाडीखाली आडवी, मी बाहेर उकिडवा. गुडघे ओरडत होते पण उठवेना. तिने बल्बचं एक टोक बटणाकडून येणाऱ्या वायरीला लावलं, दुसरं थेट बॅटरीच्या उणे टोकाला. बल्ब लख्ख. मग ते दुसरं टोक मोटरच्या अर्थिंगच्या वायरीला लावलं. बल्ब निखाऱ्यासारखा, लाल आणि मलूल. म्हणाली, करंट येतोय बरोबर, परत जायला वाट नाही.

अर्थिंगची वायर चासीला एका बोल्टाने आवळलेली. डाव्या स्प्रिंगच्या पाट्यामागे, जिथे आपण कधी बघतही नाही. तिने पाना लावून तो बोल्ट काढला. वरती लाल रंगाचे थरच्या थर, कांद्याच्या पापुद्र्यासारखे निघाले. दर दसऱ्याचा एक. मीच लावलेले. मग वायरीचं टोक बाजूला केलं आणि त्याच्या खालच्या जागेवर टॉर्चचा उजेड टाकला.

“नाना,” ती म्हणाली, “रंगावर अर्थिंग कुनी बसवलंय ओ? आन् ह्यो रंग कसला? मोरपंखी?”

दादा, मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलोच. तिला वाटलं, बीपी. पाणी आणलं, पदराने वारा घातला, म्हणाली, गाडी चालू व्हायच्या आधी तुम्ही बंद पडू नका. मी हसल्यासारखं केलं.

मोरपंखी रंग एकाच वर्षी लावला होता. आठवतं तुला? दर वर्षी लाल, आणि त्या वर्षी मला हौस आली. दसऱ्याच्या आधी तीन दिवस मी गाडीला लागलो होतो. चाकं, पाटे, बोल्ट, काही सोडलं नाही. लोक आपले वरवर रंग मारतात, वायर आली की ब्रश वळवतात. मी शहाणा! मी वायरी सोडवल्या, खालचं लोखंडसुद्धा रंगवलं, वाळू दिलं, मग परत आवळल्या. का, तर खंडेनवमीला पूजा करताना गाडीचा एक कणसुद्धा बिनरंगाचा राहू नये. रंग करंट अडवतो हे मला कोण सांगणार होतं? तू आलास, गाडीभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालास, “द्यान्या, गाडी हाय का नवरी?” सगळे हसले. मला किती बरं वाटलं होतं.

त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी माळावरचे बटाटे भरून आपण चाकणच्या बाजाराला निघालो.

आता ते लिहायचंय. तुला सगळं माहीत आहे, पण एक माहीत नाही.

चढावर तू हलक्या चालीतच गाडी घेतलीस. वर जेमतेम दोन गाड्यांएवढी सपाटी, मग लगेच खिंडीचा उतार. क्लीनरच्या जागेवर मी. माझं काम काय होतं? मांडीवर लाकडी ठोकळा धरून जागं राहायचं. गाडी सुटली तर उडी मारून चाकाखाली ठोकळा घालायचा. एवढंच काम. दादा, मी झोपलो होतो. आदल्या दिवशी पोती शिवून मान मोडली होती, चढावर डोळा लागला. मला जाग आली ती गाडी मोकळी धावायला लागल्यावर. तू ब्रेकवर उभा, तुझा डावा हात दांड्यावर, बटण दाबत होतास, परत दाबत होतास. मी तेवढंच बघितलं. मग तू गाडी डावीकडच्या ताडमाड बांधात घातलीस म्हणून आपण जिवंत राहिलो. तुझा गुडघा गेला, माझ्या कपाळाला टाके पडले, बटाटे खिंडीभर.

लोक जमले. आप्पा आले. आप्पांनी तुला नाही, मला विचारलं, “काय झालं रं?”

मी काय म्हणायला हवं होतं? मी झोपलो होतो, मला माहीत नाही. चार शब्द. आप्पांनी मला तिथेच तुडवला असता, तुडवला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “दादानं उतारावर बटान दाबलं.”

तू माझ्याकडे बघितलंस. कपाळावरचं रक्त डोळ्यात येत होतं, तरी मला ते दिसलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर तू एकदाच म्हणालास, “द्यान्या, म्या वरच दाबलं व्हतं. सपाटीवर.” आणि मी काय म्हटलं? झालं गेलं, दादा. मोठेपणाने, जणू मीच तुला माफ करत होतो! तू परत कधी तो विषय काढला नाहीस. आप्पांनी चावी भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि सांगितलं, किसनच्या हातात आता गाडी नाही. भावकीत बोभाटा झालाच, गावातही झाला. ज्याला सगळे किसन ड्रायव्हर म्हणायचे, त्याला उतारावर बटण दाबणारा किसन म्हणायला लागले. लग्नाच्या पंगतीत, पारावर, कुठेही. तू हसायचास. मीही हसायचो. त्याचं काय करू आता?

गुरुवारी गाडीखालचा तो तुकडा बघितला आणि सगळं जागच्या जागी बसलं. तू सपाटीवरच बटण दाबलं होतंस. मोटर अर्धी फिरली, आधीचे दात सोडवले, दुसरे बसवायच्या आत थकली. खाली माझा रंग होता ना. पुढे लगेच उतार. मग तू बटण परत परत दाबत होतास ते नियम मोडायला नव्हे, आपल्याला वाचवायला. आणि मी बघितलं ते तेवढंच.

तुझ्यावर माझा एक राग आहे, दादा. तू का नाही ओरडलास? गुडघा बरा झाल्यावर एकदा गाडीखाली शिरून का नाही बघितलंस? तुला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. पण तू शेडकडे पाठ करूनच बसायचास. मला आता एकच भीती आहे आणि ती मला झोपू देत नाही. सगळे म्हणतात म्हणून शेवटी तुलाही वाटायला लागलं होतं का, की माझंच चुकलं असेल?

त्यानंतरची वीस वर्षं तू कंपनीच्या गेटवर काढलीस. खाकी शर्ट, शिट्टी, समोर वही. येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर लिहायचा आणि दांडा वर करायचा. तरण्या पोरांच्या गाड्यांना तू दांडा वर करत होतास! मी कधीतरी डबा घेऊन यायचो तेव्हा तू गाडीचा आवाज ऐकून सांगायचास, ह्याचा क्लच जळालाय, ह्याचं मागचं बेअरिंग चाललंय. ड्रायव्हर तुझ्या तोंडाकडे बघायचे. त्यांना काय माहीत, वॉचमन कोण आहे.

त्या गुरुवारी नंदाने ब्लेडने ती जागा खरवडली. लोखंड चकचकीत झालं. बोल्ट आवळला, हात पुसत वर चढली आणि मला म्हणाली, “ऐका आता.” मागून आवाज आला. टक. परत बटण ओढलं. टक. ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, आबा असते तर! मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ती इतकी खूश होती. नाही, हेही खोटं. मी घाबरलो होतो. आता ह्या वयात भावकी काय म्हणेल, माझा मुलगा काय म्हणेल, नंदा मला नाना म्हणेल का. सत्तरी ओलांडली तरी मी अजून आप्पांना भितो, जे जाऊन पंधरा वर्षं झाली.

सहा दिवस तसेच काढले. गॅस बंद केलाय का बघायला चार-चार वेळा उठायचो, जणू तेवढंच राहिलंय. आज सकाळी वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. बसा म्हणाल्या. मी उभ्यानेच सांगितलं. रंगाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, आप्पांना काय बोललो ते सांगितलं.

त्यांनी हातातली पाकळी सोलून बाजूला टाकली. मग म्हणाल्या, “मी पन बोललेय त्यांना. भांडनात. भावाला मारला असता तुमी, म्हून.” आणखी दोन पाकळ्या सोलल्या. “एकदा न्हाई, लई वेळा बोलले.”

मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला हाकलतील. त्या आत गेल्या आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. तुझं लायसन. मोठ्या गाडीचं. जुनी पुस्तिका, मग नवी, मग कार्ड. सगळी एकावर एक.

“मुदत संपली की जायचे. न चुकता,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हनायचे, गाडी तर चालवत न्हाई, कशाला ह्यो खटाटोप? म्हनायचे, असू दे. कुनी चावी दिली तर?”

दादा, देवळी माझ्याच घरात आहे. चावी तिथेच होती. आप्पा गेल्यावर ती देणारा मीच होतो ना? तू दर वेळी आरटीओच्या रांगेत उभा राहायचास, डोळे तपासून घ्यायचास, फोटो काढून घ्यायचास, आणि संध्याकाळी माझ्या घरात येऊन चहा प्यायचास. एका शब्दाने बोलला नाहीस. मी चौदा वर्षं त्या देवळीसमोर बसून तुला चहा दिला.

तेव्हाच वहिनी ते म्हणाल्या, ज्याला सांगायचं त्याला सांगा. आणि परत लसणाकडे वळल्या. मी निघालो तर मागून म्हणाल्या, “नंदाला तुमीच सांगा. माझ्या तोंडून नको.” दुपारी नंदाला फोन केला. मागे मशीनचा आवाज चालू होता, तो बंद झाला. मग म्हणाली, “दसऱ्याला समद्यांच्या पुढं सांगाल?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मग ठीक हाय,” आणि फोन ठेवला. नाना म्हणाली नाही.

म्हणून हे तुला लिहून देतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला भावकी अंगणात जमेल. नारळ फोडायच्या आधी मी बोलेन. मी झोपलो होतो आणि खोटं बोललो, हे आधी. रंगाचं नंतर, नाहीतर लोक म्हणतील, बिचाऱ्याला काय माहीत, आणि मी त्यामागे लपेन. मला मी ओळखतो. मग गाडी लाल रंगात उभी असेल, पण डाव्या पाट्यामागचा तो बोल्ट उघडाच ठेवीन. मी असेपर्यंत त्याला रंग लागणार नाही. आणि चावी वहिनींच्या हातात देईन. त्यांनी ती कुणाला द्यायची ते त्या ठरवतील. मला वाटतं नंदाला देतील, मोठ्या गाडीचं लायसन तिच्याकडे आहे.

गाडीचं पासिंग कधीच संपलंय, त्यामुळे रस्त्यावर नाही नेणार. खिंडही आता राहिली नाही, कंपनीची भिंत आहे तिथे आणि रस्ता सपाट केलाय. पण आपल्या माळावरच्या वाटेला अजून तसाच उतार आहे. नंदा वर सपाटीवर बटण दाबेल, तुझ्या नियमाने. तुझं कार्ड समोर काचेपाशी ठेवू. तिने मला बसू दिलं तर मी क्लीनरच्या जागेवर बसेन, तोच ठोकळा मांडीवर घेऊन. शेडमध्येच सापडला, वाळवी लागलीय थोडी, पण चालेल.

आणि दादा, या वेळी मी जागा राहीन.

तुझा,
द्यान्या